रोजचे आणि ठेवणीतले

नागपूरहून इटारसीकडे जाताना पांढुर्णा लागते. छिंदवाड्याच्या वाटेवर सौंसर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्यप्रदेशातच राहिला आणि त्याच्याबरोबर हा मराठी मुलूखही. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन त्याचा पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीचा कारभार हिंदीत चालतो. घरात नि वावरात मात्र वऱ्हाडी वळणाची मराठी आहे.

तिकडे एक साधा शब्द कानी पडतो : ‘रोज’. आपल्या घरात त्याचा अर्थ दररोज. तिकडच्या कापसाच्या वावरात, संत्र्याच्या बागेत त्याचा अर्थ दिवसाची मजुरी. माणूस ‘रोजानं’ जातो. पाऊस आला की ‘रोज बुडतो’. दिवस बुडाला तर भाकरही बुडाली, हा हिशेब त्या एका शब्दात आहे. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू नसते. मजुराच्या सुटीला मात्र रोज मिळत नाही.

शब्द मूळचा फारसी, अर्थ ‘दिवस’. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरीही ‘रोज’ हलला नाही. पेशव्यांच्या दफ्तरात तो रोजनिशी झाला, वाण्याच्या दुकानात रोजकीर्द, पोटासाठी रोजगार. लग्नपत्रिकेतही तारखेपुढे ‘रोजी’ म्हणून तो अगत्याने हजर असतो. परका म्हणून आला आणि घरचा झाला, कारण त्याच्यावाचून कोणाचा दिवस जाईना.

इंदूर-ग्वाल्हेरकडे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपण मंडळींनी यातून काही घ्यावयास हरकत नाही. आपल्या बायका रोजचे लुगडे वेगळे ठेवीत आणि ठेवणीतले वेगळे. भाषेचेही आपण तसेच करीत आलो आहोत. गणेशोत्सवाच्या व्याख्यानाला, मंगलाष्टकांना सुंदर मराठी बाहेर काढावयाची आणि भाजीवाल्याशी, नोकराशी, पुढे मुलांशीही हिंदीत बोलावयाचे. ठेवणीतले वस्त्र घडीवरच विरते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको.

पांढुर्ण्याच्या मजुराची मराठी कोणी व्याख्यानात ऐकवीत नाही. तिचे ‘कामाले’, ‘सकायी’ ऐकून आपल्याला हसू येते. पण ती रोज कामाला जाते, म्हणून टिकली आहे. आपल्या घरात आज संध्याकाळी मुलांशी चार वाक्ये मराठीत झाली, तर तो रोज बुडाला नाही असे समजावे.