टी-टेस्ट की अनोव्हा? आधी रीडिंग कुणाचं ते बघा

"डेटा तयार आहे, आता कुठली टेस्ट लावू?" रिसर्चमध्ये नवीन असलेल्या बहुतेकांचा हा प्रश्न असतो. पण त्याचं उत्तर आकड्यांपेक्षा ते आकडे कसे गोळा केले यात जास्त असतं. एक जुनं उदाहरण घेऊ.

विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करायचा. 1908 साली त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने टी-टेस्टचा पाया घालणारा पेपर लिहिला. त्यात झोपेच्या औषधांचा डेटा आहे: 10 रुग्ण, 2 औषधं, आणि प्रत्येक औषधाने झोप किती तास वाढली याची नोंद. सरासरी वाढ पहिल्या औषधाने 0.75 तास, दुसऱ्याने 2.33 तास.

हे दोन वेगळे गट समजून इंडिपेंडंट टी-टेस्ट लावली, तर पी-व्हॅल्यू येते 0.079. म्हणजे फरक सिग्निफिकंट नाही. पण दोन्ही औषधं त्याच 10 जणांना दिली होती! म्हणून पेअर्ड टी-टेस्ट लावायची. मग पी-व्हॅल्यू येते 0.0028.

आकडे तेच, मग असं का? मुळात काही जणांची झोप खूप वाढली, काहींची कमी झाली. माणसामाणसातल्या या फरकात औषधांमधला फरक झाकला जातो. पेअर्ड टेस्ट प्रत्येकाची तुलना स्वतःशीच करते. तसं पाहिलं तर 10 पैकी 9 जणांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली, एकाला सारखीच. हा डेटा आर सॉफ्टवेअरमध्ये 'स्लीप' नावाने आहे, स्वतः करून बघा.

मात्र पी-व्हॅल्यू लहान येते म्हणून पेअर्ड निवडायची नाही. जोड्या प्रयोगातच असाव्या लागतात.

आता स्वतःच्या डेटाला हे प्रश्न विचारा:

1. रीडिंग त्याच व्यक्तींची की वेगवेगळ्या? त्याच असतील तर पेअर्ड, वेगळ्या असतील तर इंडिपेंडंट.

2. गट किती? तीन गटांत दोन-दोनच्या तीन टी-टेस्ट लावल्या, तर गट प्रत्यक्षात सारखे असूनही कुठे तरी खोटा फरक दिसण्याची शक्यता 5% वरून 12 ते 14% वर जाते. म्हणून आधी अनोव्हा, मग कुठल्या जोडीत फरक आहे हे बघायला टुकी टेस्ट. तेच लोक तीनदा मोजले असतील तर रिपीटेड मेझर्स अनोव्हा.

3. गटांमधला विखुरलेपणा सारखा आहे का? खात्री नसेल तर वेल्च टी-टेस्ट वापरा. आर मुळात तीच लावतं.

4. डेटा लहान आणि एका बाजूला कललेला आहे का? मग मान-व्हिटनी, किंवा जोड्या असतील तर विल्कॉक्सन. पण या टेस्ट क्रमांकांवर चालतात, त्यामुळे थिसिसमध्ये 'सरासरीत फरक आढळला' असं लिहू नका. आणि पेअर्डमध्ये नॉर्मॅलिटी तपासायची ती जोडीतल्या फरकांची, दोन कॉलमची वेगवेगळी नाही.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं डेटा येण्याआधीच माहीत असतात. म्हणून टेस्टचं नाव सिनॉप्सिसमध्येच लिहून टाका. व्हायवात "हीच टेस्ट का?" असं विचारलं, की तुमच्याकडे प्रयोगातून आलेलं कारण असेल.