बाथच्या कुंडांतील शिशाचे शापलेख

इंग्लंडांतील बाथ हें नगर उष्णोदकाकरितां रोमन काळापासून प्रसिद्ध आहे. प्रवासी तेथील स्नानगृहें व अठराव्या शतकांतील घरांच्या भव्य रांगा पाहून परततात. लेखसंग्राहकांनीं मात्र रोमन स्नानगृहांच्या संग्रहालयांतील शिशाचे लहान पत्रे अवश्य पाहावे, असें आम्हांस वाटतें.

सुमारें ४६ अंश उष्णतेचें पाणी ज्या कुंडांत उसळतें, तें सुलिस मिनर्व्हा या देवतेचें स्थान होतें. इ. स. १९७९-८० च्या उत्खननांत त्यांतून सुमारें १३० पत्रे निघाले. चोरी झालेला मनुष्य शिशावर लॅटिनमध्यें देवीकडे फिर्याद कोरी व पत्रा, बहुधा गुंडाळून, पाण्यांत टाकी. गेलेली वस्तु म्हणजे एखादा झगा, हातमोजे किंवा थोडीं नाणीं. शाप मात्र भयंकर! चोर अज्ञात, म्हणून तो पुरुष असो वा स्त्री, दास असो वा स्वतंत्र, अशी कायद्याच्या थाटाची शब्दयोजना वारंवार येते. कांहीं पत्र्यांवर अक्षरें मुद्दाम उलट क्रमानें लिहिलीं आहेत.

रॉजर टॉमलिन यांनीं १९८८ सालीं यांचें वाचन प्रसिद्ध केलें. यांत राजाज्ञा नाहीं, दानपत्र नाहीं. परंतु सामान्य जनांचें हस्ताक्षर, बोलींतील लॅटिन आणि विशेषनामें यांत जशीं आढळतात, तशीं भव्य शिलालेखांत आढळत नाहींत. २०१४ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या ब्रिटिश सूचींत त्यांस स्थान मिळालें, तें यथार्थच होय. दप्तर चाळतांना किरकोळ चिठोरीं बाजूस सारणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.