बिनआगीचं आधण

अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकच्या शस्त्रागारात तोफा भरीव ओतत आणि मग त्यांना आतून भोक पाडत. देखरेखीला होता बेंजामिन थॉम्पसन ऊर्फ काउंट रम्फर्ड. जन्म अमेरिकेतला, निष्ठा ब्रिटनच्या राजाशी आणि चाकरी बव्हेरियाची, असा हा वल्ली! भोक पाडताना धातू चटका बसेल इतका तापतो, याचं कारागिरांना काही वाटत नसे. रम्फर्डला वाटलं.

शास्त्रज्ञांकडे उत्तर तयार होतं. उष्णता म्हणजे ‘कॅलरिक’ नावाचा, डोळ्यांना न दिसणारा, वजन नसलेला द्रव. तो गरम वस्तूतून थंड वस्तूत झिरपतो. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९च्या आपल्या ग्रंथात मूलद्रव्यांची यादी दिली, तिच्यात ऑक्सिजनच्या पंगतीला कॅलरिकलाही बसवलं. आज हसू येतं, पण कल्पना भाबडी नव्हती. तापलेला धातू का फुगतो? आत कॅलरिक शिरतं म्हणून. आच देऊनही, सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमापीचा पारा का चढत नाही? जोसेफ ब्लॅकने ग्लासगोत मोजलेली ही अप्रकट उष्णता म्हणजे बर्फाच्या पाण्यात दडून बसलेलं कॅलरिक.

घर्षणाचंही उत्तर होतं: धातूचा कीस निघताना त्यातलं कॅलरिक बाहेर पडतं. रम्फर्डने कीस तपासला. तेवढंच तापायला त्याला अखंड धातूइतकीच उष्णता लागत होती; म्हणजे त्यातून काही निसटलेलं दिसत नव्हतं. मग त्याने मुद्दाम बोथट गिरमिट लावलं, धातूभोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोडे जुंपले. सुरुवातीला पाणी ६० अंश फॅरनहाइट होतं. अडीच तासांत ते खळखळा उकळलं. विस्तव कुठेच नव्हता! घोडे फिरतील तोवर उष्णता निघत राहणार. न संपणारी गोष्ट पदार्थ कशी असेल? ती गतीच असली पाहिजे, असं त्याने १७९८ साली मांडलं. घोड्यांचा चारा जाळला असता तर याहून जास्त उष्णता मिळाली असती, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं.

तरी कॅलरिक हटलं नाही. सादी कार्नोने १८२४ साली वाफेच्या इंजिनाचा सिद्धांत त्याच्याच आधारावर रचला, आणि तो कामीही आला. जूलने १८४०च्या दशकात पाणी घुसळून यांत्रिक काम आणि उष्णता यांचा हिशेब जुळवला, तेव्हा कुठे कॅलरिकचे पाय डगमगले.

लाव्हाझिएने यातलं काहीच पाहिलं नाही. १७९४ साली तो गिलोटिनखाली गेला. त्याच्या ग्रंथातली चित्रं काढणाऱ्या त्याच्या विधवेशी, मारी-आनशी, रम्फर्डने १८०५ साली लग्न केलं. चार वर्षांत दोघं विभक्त झाली. त्याने मुलीला कळवलेली एक कागाळी अशी: आपण पाहुण्यांना फाटकाबाहेर अडवलं, म्हणून बाईंनी आपल्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं.