आघातानंतर जखमेत वाढणारी बुरशी

२२ मे २०११ रोजी अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील जॉप्लिन शहरावरून टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखे गरगरत जाणारे प्रचंड वादळ, गेले. शेकडो लोक जखमी झाले. त्यांपैकी १३ जणांच्या जखमा उपचार चालू असताही भरून येण्याऐवजी चिघळत गेल्या व ५ जण दगावले. या रोगाचे कारण ॲपोफिसोमायसिस ट्रॅपेझिफॉर्मिस ही मातीत राहणारी बुरशी होय.

२०२१ साली महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ या नावाने परिचित झालेला म्युकरमायकोसिस तो हाच. परंतु त्या वेळी तो मुख्यत्वे नाकावाटे शिरला व मधुमेही रोग्यांस विशेषेकरून बाधला. जॉप्लिनच्या १३ जणांत मधुमेही दोघेच होते आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेला एकही नव्हता. मग धडधाकट माणसास हा रोग का जडावा? याचे उत्तर जखमेतच आहे. अखंड त्वचा बीजाणूंस आत येऊ देत नाही. परंतु लाकडाचे ढलपे, खडे व माती मांसात खोल रुतली म्हणजे हा अडसर नाहीसा होतो. भेदक जखमा आणि जखमांची अधिक संख्या यांचा रोगाशी संबंध असल्याचे अभ्यासात दिसून आले.

आत शिरलेल्या बुरशीचे रुंद तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदतात. वाहिनीत रक्त गोठते, पुढील भागाचा पुरवठा तुटतो आणि तेथील ऊती मरून काळी पडते. या मृत भागात रक्ताबरोबर येणारे औषधही पोहोचू शकत नाही. म्हणून ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध देत असतानाच मृत भाग शस्त्रक्रियेने, बहुधा वारंवार, काढून टाकावा लागतो. इतर काही बुरशींवर गुणकारी असलेले व्होरिकोनॅझोल येथे निरुपयोगी ठरते.

निदानासाठी जखमेतील ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अवश्य आहे. संवर्धनासाठी त्याचे बारीक काप करावेत. वाटून लगदा केल्यास नाजूक तंतू मरतात व बुरशी असूनही उगवत नाही.

हा प्रश्न दूरदेशीचा नव्हे. ॲपोफिसोमायसिस या प्रजातीचे पहिले वर्णन १९७९ साली भारतातील आमराईच्या मातीतून मिळालेल्या बुरशीवरून झाले आणि अपघातानंतर तिची बाधा झालेले रोगी येथेही आढळले आहेत. माती गेलेली जखम प्रतिजैविके देऊनही काळवंडत पसरू लागली, तर बुरशीची शंका त्याच दिवशी घेतली पाहिजे. रोग्याचा अवयव, किंबहुना प्राण, त्या एका शंकेवर अवलंबून असतो.