थ्री नॉट थ्रीच्या पोटातलं टू-टू

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकांनी संपादकांना फोटो पाठवला होता. त्यांच्या मुलाने दुसऱ्या महायुद्धातली जर्मन रायफल विकत घेतली होती. म्हणजे रूप त्या रायफलीचं, पोटात मात्र .२२ चं बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठं काडतूस. संपादकांनी मला फोन केला. "आपल्याकडे असलं काही मिळतं का बघा. हैदराबादला जा. नवाबांचं शहर, तिथे नक्की मिळेल." संपादकांचा 'नक्की' मला आजवर बऱ्याचदा महागात पडला आहे. तरी गेलो, कारण नांदेडच्या शाळेत एनसीसीत असताना मीही एक अशीच दोन जन्मांची रायफल खांद्याला लावली होती. ती काय चीज होती हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नव्हतं.

आबिद्सच्या शेजारचा गनफाउंड्री भाग आता बँक, बसथांबे आणि मोबाइलची दुकानं यांनी भरून गेला आहे. निजामाच्या पदरी असलेल्या फ्रेंच सरदार रेमंडने १७८६ मध्ये इथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला. लोक त्याला 'तोप का साँचा' म्हणत. १७९८ मध्ये रेमंड वारला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी त्याच्या पलटणी निःशस्त्र केल्या. या शहराचं शस्त्रांशी असलेलं नातं तिथून जे वाकडं झालं ते पुढेही वाकडंच राहिलं. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून निजामासाठी शस्त्रं आणत होता, आणि सप्टेंबरात भारतीय फौजा आल्यावर पाच दिवसांत सगळं आटोपलं. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात 'थ्री नॉट थ्री', म्हणजे .३०३ ची रायफल, हा शब्द अजून येतो तो त्या दिवसांमुळे. इतिहास इथवर पुरे.

या भागापासून चालत जाण्याच्या अंतरावर बंदुकांचं एक जुनं दुकान आहे. मालकांनी नाव छापू नका म्हणून बजावलं. मागच्या खोलीत दुरुस्तीला बसतात ते चाचा. जन्म परभणीचा, उमेदीची वर्षं फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, म्हणून गेली, आता वय सत्तरीपुढे. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. मी मोबाइलमधला फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो बघितला आणि हसले. "शकल काइकू बतारा मियाँ? बोर बोलो, बोर. सरकार शकल देखत नाही."

बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. दुपारभर मी जे ऐकलं त्याचं सार खरं म्हणजे या एका वाक्यात होतं, पण ते मला संध्याकाळी उमगलं.

.२२ चं काडतूस रिमफायर असतं. ते म्हणजे काय, ते आधी. नेहमीच्या लष्करी काडतुसाच्या बुडाच्या मधोमध एक टोपी असते. पिन तिच्यावर आपटली की ठिणगी पडते. .२२ च्या काडतुसात अशी वेगळी टोपी नाही. पितळी नळकांड्याच्या बुडाला जी बारीक कड असते तिच्या आत पोकळीत मसाला भरलेला असतो, आणि पिन कडेवर आपटून ती चेपली की बार होतो. करायला सोपं, म्हणून स्वस्त. एकदा चेपलेली कड पुन्हा भरता येत नाही. आज जगभर चालणारं .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मधलं आहे. त्याची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. .३०३ ची गोळी अकरा ग्रॅमची, वेग ७४० मीटरच्या घरात. दोघींच्या ऊर्जेत वीसपटींहून जास्त फरक पडतो.

हा फरकच सैन्यांना हवा होता. नव्या पोराला रोज खरी काडतुसं देणं परवडत नाही, गावाजवळ तेवढं लांब मैदान नसतं आणि खांद्याला बसणाऱ्या हिसक्याने पोर डोळे मिटायला शिकतं. म्हणून रूप, वजन, बोल्टची (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) चाल सगळं खऱ्या रायफलीचं ठेवायचं आणि फक्त गोळी लहान करायची. बोअर युद्धात नेमबाजी कच्ची निघाल्यावर इंग्रजांनी ही गोष्ट मनावर घेतली. १९३४ मध्ये जर्मनीने 'क्रीडा रायफल' या गोंडस नावाखाली लष्करी माउझरच्या धाटणीच्या .२२ रायफली काढल्या. त्या घेऊन कुठली पोरं कुठे सराव करत होती ते आपण जाणतो. आज हौसेने विकत घेतल्या जाणाऱ्या प्रतिकृतींची ही आजी, आणि ती काही फार प्रेमळ नव्हती.

आपल्याकडे या घराण्यातली रायफल आली ती 'नंबर टू मार्क फोर'. एनसीसीची स्थापना १९४८ ची. त्यानंतर कितीतरी वर्षं पोरांनी पहिली गोळी झाडली ती हिच्यातून. ही प्रतिकृती नाहीच. ही खरी ली-एन्फील्ड आहे, म्हणजे इंग्रज फौजेची .३०३ ची रायफल, पहिल्या महायुद्धातल्या घडणीची. फक्त तिची नळी .२२ ची, नाहीतर जुन्या नळीत नवी बारीक नळी बसवलेली. खालची मॅगझिनची पेटी तशीच असते, पण आतली स्प्रिंग काढलेली. गोळी हाताने एकेक भरायची, रिकामं नळकांडं त्या पेटीत पडतं. दहा गोळ्यांच्या कोठाराची केराची टोपली झाली.

"वो सब ठीक," चाचा म्हणाले, "असली खेल मुंडी का है."

त्यांच्या टेबलावर एक .३१५ ची रायफल दुरुस्तीला आली होती. ती या ली-एन्फील्डचीच बहीण. चाचांनी बोल्ट पूर्ण मागे ओढला, अंगठ्याने त्याचं पुढचं डोकं वर उचललं आणि बोल्ट अलगद बाहेर काढला. मग बाटलीचं झाकण फिरवावं तसं ते डोकं फिरवून वेगळं केलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. अंगठ्याएवढा पोलादाचा तुकडा, एका बाजूला आटे, मध्ये पिनेचं भोक, कडेला नळकांडं ओढून काढणारा आकडा.

माउझरच्या बोल्टचं तोंड बोल्टलाच घडवलेलं असतं. ली-एन्फील्डचं डोकं सुटं. मूळ सोय अशी की झिजेनुसार डोकं बदलावं आणि मागचा बोल्ट तोच ठेवावा. .२२ करणाऱ्यांना हे फुकटचं घबाड मिळालं. अडचण एकच होती. जुनी पिन मधोमध आपटणार, रिमफायरला ठोका हवा कडेवर. मग त्यांनी नव्या डोक्यात एक लहानशी दुसरी पिन बसवली, मागचं टोक मध्यावर, पुढचं टोक कडेकडे. मोठी पिन लहानीच्या पाठीत ढोसते, लहानी कडेवर जाऊन टोचते. चाचांनी ते पेन्सिलीने पाकिटाच्या मागे काढून दाखवलं, आणि मी तो कागद मागून घेतला. बाकी सगळी रायफल जशीच्या तशी. गेली कित्येक वर्षं मी यंत्रांवर लिहितो आहे, पण इतक्या थोड्या बदलात एवढं मोठं काम निभावलेलं फार कमी वेळा पाहिलं.

आणि तक्रार? तीही तिथेच. "बच्चे लोग," चाचा म्हणाले, "खाली चलाते." काडतूस नसताना चाप दाबला तर .३०३ ची पिन हवेत जाते, कुणाचं बिघडत नाही. .२२ मध्ये ती पिन सरळ नळीच्या तोंडाच्या कडेवर आदळते. हजार वेळा आदळली की तिथे खड्डा पडतो, मग काडतूस नीट बसत नाही, नळकांडं ओढताना अडकतं, आणि कवायतीच्या मैदानावर सगळ्यांसमोर उस्ताद ओरडतो तो पोरावर. फौजेतल्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, चाचांनी अशा किती कडा कानसीने घासून सारख्या केल्या याचा हिशोब त्यांच्याकडे नाही. "चिंदी मारी, तेल दिया, फिर भी बच्चे आते, फिर ठोकते." चिंदी हा शब्द नळी पुसायच्या कापडासाठी सगळ्या हिंदुस्थानी फौजेत चालतो. परभणीचा माणूस तो उच्चारतो तेव्हा मात्र तो घरचा वाटतो.

जाता जाता एक गंमत. कॅडेटांच्या वह्यांतून या रायफलीच्या गोळीचा वेग सेकंदाला २७०० फूट असा पिढ्यानपिढ्या उतरत आला आहे. .२२ च्या इवल्याशा काडतुसाला तो झेपणारच नाही, अकराशे फूट म्हणजे डोक्यावरून पाणी. मोठ्या रायफलीचा आकडा धाकटीच्या नावावर चढला असावा. मीही तो पाठ केला होता, आणि चाचांनाही तो पाठ होता.

.३१५ चं गणित .२२ च्या उलटं. रूप ली-एन्फील्डचंच, इशापूरच्या कारखान्यात घडलेलं, पण काडतूस आठ मिलिमीटरचं, मॅनलिखर घराण्यातलं. कारण सरळ आहे. लष्कराची .३०३ ची गोळी ज्या बंदुकीत बसते ती बंदूक सामान्य माणसाला नको, असं इंग्रजांनी ठरवलं आणि स्वतंत्र भारताने ते पुढे चालवलं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरची लष्करी गोळी घेणाऱ्या रायफली निषिद्ध वर्गात आहेत. रिमफायर .२२ मात्र परवान्यावर मिळू शकते. म्हणजे एकाच सांगाड्याला सरकारने दोनदा पोट बदलून दिलं, एकदा पोरांच्या हाती द्यायला आणि एकदा प्रजेच्या. बाहेरच्या देशांत हौशी माणूस रूपाचे पैसे मोजतो. इथे रूप फुकट आहे, सगळी किंमत भोकाच्या मापाची.

चाचांनी खणातून .२२ चं एक रिकामं नळकांडं काढलं. बुडावर 'के एफ'. किरकी फॅक्टरी, म्हणजे आपली पुण्याची खडकी, १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. "देखो, तुमचं गाव," ते म्हणाले. माझं गाव नांदेड, हे सांगून उपयोग नव्हता.

या छोट्या गोळीने मराठी माणसाला काय दिलं ते मी चाचांना सांगितलं. मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीमुळे अंजली भागवत नेमबाजीत आल्या आणि २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या, जरी ती फेरी एअर रायफलची होती. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटरमध्ये जगज्जेती झाली. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिक कांस्य मिळवलं ते याच .२२ रिमफायरने, ५० मीटरवर, जिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. चाचांनी ऐकून घेतलं. "वो बंदूक थोडी है," ते म्हणाले, "वो तो डाक्टर का औजार है." खरंच, आजच्या स्पर्धेची रायफल ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची, सगळीकडून स्क्रू असलेली. तिचं लष्कराशी नातं पुसलेलं. हैदराबादकरांना गगन नारंगचं नाव जास्त जवळचं. २०१२ मध्ये लंडनला त्याचं कांस्य आलं ते एअर रायफलमध्ये. पोराच्या रायफलीसाठी घरच्यांनी मालमत्ता विकली, ही त्याची गोष्ट इथे आजही सांगितली जाते.

मग मी मुद्द्यावर आलो. फोटोतली ती जर्मन दिसणारी .२२ मला हवी असेल तर?

चाचांनी मालकांना हाक मारली. मालक अडचणी मोजत गेले. पहिलं, ती प्रत्येक चापाला आपोआप पुढची गोळी भरते, आणि अशी अर्धस्वयंचलित रायफल आपल्या नियमांत निषिद्ध. दुसरं, आयात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक मागवता येत नाही, नामवंत नेमबाजांना सवलत आहे. जुन्या परदेशी बंदुका परवान्यापरवान्यांतून फिरतात, म्हणून त्यांचे भाव विचारू नका. तिसरं, परवाना. हैदराबादेत पोलीस आयुक्तांकडे अर्ज, शस्त्र कशाला हवं त्याचं कारण, सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला, मग चौकशी. "कारण काय लिहिणार? रूप आवडलं?" मालकांनी विचारलं. हौस ही परवान्याची सबब होत नाही.

पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत. कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. त्यामुळे आजोबांची बारा बोअर आणि वडिलांचं रिव्हॉल्व्हर वारशाने आपल्या परवान्यावर आलं असेल तर .२२ ला जागाच उरत नाही. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक परत करावं लागलं, आणि मालकांच्या म्हणण्याप्रमाणे बहुतेकांनी .२२ परत केली. तिने डुक्कर मरत नाही आणि चोर घाबरत नाही. चाचांच्या टेबलावर येणाऱ्या बंदुकांत .२२ का कमी झाल्या हे मला तेव्हा कळलं.

बोल्टचं डोकं बसवायला चाचांना शिष्य हवा होता. मिळाला नाही. मालकांचा मुलगा संगणकाकडे गेला. एनसीसीतही सिम्युलेटर आले आहेत. पडद्यावर लक्ष्य, लेझर, तेल नाही, चिंदी नाही, कडेवर खड्डाही नाही. "वो अच्छा है," चाचा म्हणाले, आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं. मला ते ऐकून वाईट वाटलं, त्यांना वाटलं नव्हतं.

निघताना दुकानाच्या भिंतीकडे लक्ष गेलं. लोखंडी जाळीमागे पन्नासेक बंदुका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या चापाच्या कडीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. निवडणूक जवळ आली की परवानाधारकांना शस्त्रं जमा करावी लागतात. पोलीस ठाण्यात, नाहीतर दुकानात. मतदान होईपर्यंत ती इथे उभी. काहींची चिठ्ठी पिवळी पडली होती. मालक म्हणाले, काही लोक परत न्यायला येतच नाहीत, विसरतात किंवा वारतात.

चाचांनी .३१५ चं डोकं पुन्हा बोल्टवर फिरवलं. शेवटच्या आट्याला थांबले, डोळ्यांजवळ नेऊन डोकं बोल्टच्या रेषेत आलं का ते पाहिलं. जरा पुढे गेलं होतं. त्यांनी ते उलटं फिरवलं, फडक्याने पुसलं आणि खणातल्या डब्यात दुसरं डोकं शोधायला लागले.