दिशा आहे, स्थान नाही

दि. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या होत्या. कुर्बानी पुढील दोन दिवसांतही करण्याची मुभा इस्लामी शास्त्रात आहे. तिचा आधार घेऊन महाराष्ट्रातील अनेक गावांतील मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरविले आणि एकादशीचा मान राखला. ईश्वरापाशी पोहोचते ते मांस वा रक्त नव्हे, तर करणाऱ्याच्या अंतःकरणातील ईश्वरनिष्ठा, अशी कुराणाची शिकवणच आहे.

त्या दिवशी एका घरी विटेवर समचरण उभ्या असलेल्या सावळ्या मूर्तीचे ध्यान चालले होते. शेजारच्या घरी ज्याला रूप नाही आणि राहावयास ठिकाणही नाही, अशा परमेश्वरापुढे मस्तक भूमीला टेकले जात होते. ज्याचे रूप डोळ्यांपुढे येत नाही त्याच्यावर जीव कसा जडावा, हा प्रश्न आमच्या भाविक वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आजच्या सणानिमित्त त्याचाच थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मक्केचा काबा हे मुसलमानांच्या देवाचे राहण्याचे ठिकाण आणि तेथील काळा पाषाण ही त्यांची मूर्ती, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. काब्याचा अंतर्भाग रिता आहे. तेथे छताला आधार देणारे खांब आहेत, टांगलेले दिवे आहेत. गाभारा नाही आणि मूर्तीही नाही. काळ्या पाषाणाविषयी दुसरे खलिफा हजरत उमर यांची कथा हदीसमध्ये आली आहे. त्याचे चुंबन घेताना त्यालाच उद्देशून ते म्हणाले की, तू केवळ दगड आहेस, तुझ्या हाती ना कोणाचे हित ना अहित. पैगंबरांना तुझे चुंबन घेताना पाहिले नसते, तर मीही घेतले नसते.

मग नमाज काब्याकडे तोंड करून का पढतात? याचे उत्तर ‘किब्ला’ या एका शब्दात आहे. किब्ला म्हणजे उपासनेची दिशा. आरंभी ही दिशा जेरुसलेमची होती, इ. स. ६२४ मध्ये ती मक्केकडे वळली. ईश्वर जेरुसलेमहून उठून मक्केला गेला, असे त्या वेळी कोणी मानले नाही. पूर्व आणि पश्चिम दोन्ही ईश्वराच्याच, आणि पूर्वेला वा पश्चिमेला तोंड वळविणे एवढ्यानेच पुण्य घडत नाही, असा खुलासा कुराणातच आहे. प्रवासात दिशा कळेनाशी झाली, तर आपल्या बुद्धीला योग्य वाटेल तिकडे वळून नमाज पढावा, असे शास्त्र सांगते. जो काब्याच्या आत उभा आहे, त्याने कोणत्याही भिंतीकडे तोंड केले तरी चालते. ज्या स्थानाकडे जग वळते, त्या स्थानी पोहोचताच दिशेचे बंधन उरत नाही, ही गोष्ट मननीय नव्हे काय?

इतिहासानेही या श्रद्धेची परीक्षा पाहिली आहे. इ. स. ९३० मध्ये करमती पंथाच्या लोकांनी मक्केवर हल्ला करून यात्रेकरूंची कत्तल केली आणि तो काळा पाषाण उखडून नेला. तो ९५१ मध्ये परत आला. मधल्या वीस वर्षांहून अधिक काळात काब्याचा तो कोपरा रिकामा होता. परंतु नमाज थांबला नाही आणि त्याची दिशाही बदलली नाही. किब्ला ही उपासकांना एका रांगेत आणणारी खूण आहे. उपास्याचा निवास तेथे नाही.

यामागे जो सिद्धांत आहे त्याला इस्लामी ब्रह्मविद्येत ‘तन्जीह’ म्हणतात. सृष्टीतील कोणत्याही वस्तूच्या सादृश्यापासून ईश्वराला मुक्त मानणे, असा त्याचा अर्थ. त्याच्यासारखे काहीही नाही, हे कुराणातील वचन त्याचा पाया आहे. बहुसंख्य धर्मपंडितांचा युक्तिवाद असा : स्थान हीसुद्धा निर्माण झालेली वस्तू आहे. स्थान नव्हते तेव्हाही निर्माता होताच. मग ते निर्माण केल्यावर त्यालाच त्याची गरज कशी लागेल? शिवाय जे एखाद्या जागेत मावते, त्याला सीमा असते. आणि ज्याला सीमा आहे, ती कोणीतरी आखून दिलेली असते.

तथापि त्याच कुराणात ईश्वराच्या सिंहासनाचा, हाताचा आणि मुखाचाही उल्लेख येतो. त्यांचा अर्थ कसा लावावयाचा, यावर शतकानुशतके वाद झाले. मदिनेचे इमाम मालिक (निधन इ. स. ७९५) यांना एकाने विचारले की, ईश्वर सिंहासनावर अधिष्ठित झाला तो कसा? इमामांनी मान खाली घातली. त्यांना घाम फुटला, असे सांगतात. मग ते उत्तरले की, शब्द परिचित आहे, परंतु त्यातील ‘कसे’ हे बुद्धीच्या पलीकडचे आहे. त्यावर श्रद्धा ठेवावी, खोदून विचारू नये. मुअतजिली पंथाच्या बुद्धिवाद्यांनी हात म्हणजे सामर्थ्य, सिंहासन म्हणजे सत्ता असा लाक्षणिक अर्थ घेतला. अबुल हसन अल-अशअरी (निधन इ. स. ९३६) यांनी ‘बिला कैफ’, म्हणजे ‘कसे हे न विचारता’, शब्द स्वीकारावा असे प्रतिपादिले. इब्न तैमिया (१२६३-१३२८) यांच्यासारख्यांना लाक्षणिक अर्थ मान्य नव्हता. ईश्वर सृष्टीच्या वर आहे, मात्र ते ‘वर असणे’ आपल्यासारखे नाही, असे त्यांचे मत होते. हे मतभेद आजही आहेत. परंतु ईश्वर सृष्ट वस्तूंसारखा नाही, याविषयी या सर्वांचे एकमत आहे.

मग असा ईश्वर भक्तापासून दूर गेला काय? येथेच खरे मर्म आहे. माणसाच्या कंठाच्या शिरेहूनही ईश्वर त्याला जवळ आहे, असे कुराण सांगते. माणूस ईश्वराच्या सर्वांत निकट असतो तो सजद्यात, असे पैगंबरांचे वचन आहे. आणि सजदा म्हणजे कपाळ भूमीला टेकणे, देहाची सर्वांत खालची अवस्था! इमाम जुवैनी (१०२८-१०८५) यांच्या नावावर एक मार्मिक विवेचन सांगितले जाते. पैगंबर मेराजच्या रात्री सप्त आकाशांपलीकडे गेले, आणि युनूस पैगंबर समुद्रतळी माशाच्या पोटात होते. तरी दोघेही ईश्वराला सारखेच जवळ होते. उंचीने जवळीक मोजली जात नाही, हा त्याचा भावार्थ. प्रार्थनेच्या वेळी हात आकाशाकडे का उचलावयाचे, या शंकेला जुवैनींचे शिष्य गझाली (१०५८-११११) यांनी उत्तर दिले की, नमाजाचा किब्ला जसा काबा, तसा प्रार्थनेचा किब्ला आकाश. म्हणजे तीही दिशाच, स्थान नव्हे.

तरीसुद्धा साध्याभोळ्या जीवाला हे सारे पेलावे कसे? हदीसमध्ये एका दासीची कथा आहे. पैगंबरांनी तिला विचारले, ईश्वर कोठे आहे? ती म्हणाली, आकाशात. आपण कोण, असे विचारताच ती म्हणाली, आपण ईश्वराचे प्रेषित. पैगंबरांनी तिच्या धन्याला सांगितले, हिला मुक्त कर, ही श्रद्धावान आहे. या उत्तरावर पुढे पंडितांनी खूप चर्चा केली. परंतु त्या दासीला मुक्तीसाठी पंडितांच्या परीक्षेस बसावे लागले नाही.

जलालुद्दीन रूमी (१२०७-१२७३) यांनी ‘मसनवी’त सांगितलेली मेंढपाळाची गोष्ट तर आपल्या कीर्तनात शोभावी अशी आहे. एक मेंढपाळ देवाला आळवीत होता की, तू भेटशील तर तुझे केस विंचरीन, तुझे कपडे धुईन, तुला दूध पाजीन. हजरत मूसांनी ते ऐकले आणि त्याला कठोर शब्दांत फटकारले : ईश्वराला देह आहे काय? बिचारा कपडे फाडून रानात निघून गेला. तेव्हा ईश्वराने मूसांनाच बोल लावला की, तुला जोडण्यासाठी पाठविले होते, तोडण्यासाठी नव्हे. मूसांचा सिद्धांत चुकीचा नव्हता. परंतु त्या सिद्धांताने एक प्रेमळ जीव दुखावला गेला, हे ईश्वराला रुचले नाही.

आपल्या महाराष्ट्रात श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. निर्गुणाचे वर्णन करणारी त्यांची वाणी मराठी भाविकांना कधी परकी वाटली नाही. कारण सगुण-निर्गुणाचा विचार आपल्या घरोघरी मुरलेला आहे. अर्थात दोन्ही मार्ग एकच आहेत, असे म्हणणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आपण निर्गुणाला सगुण रूपात पाहतो, पूजितो; इस्लामला ते मान्य नाही. हा भेद खरा आहे, आणि शेजारधर्मासाठी तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र शेजाऱ्याची श्रद्धा कशावर उभी आहे, हे नीट जाणून घेतले, तर भेद असूनही आदर टिकतो. २०२३ च्या त्या आषाढीला अनेक गावांनी हेच दाखवून दिले.

तेव्हा वाचकहो, पुढे कधी सायंकाळी शेजारी कोणी पश्चिमेकडे तोंड करून नमाजाला उभा राहिलेला दिसला, तर तो कोणत्या वास्तूची वा पाषाणाची पूजा करीत आहे, असे मनात आणू नये. ज्याला कोणतीही दिशा बांधू शकत नाही, त्याच्यासाठी तो एका दिशेला वळला आहे. आणि आपण देवघरात दिवा लावून हात जोडतो, तेव्हा समोरच्या मूर्तीएवढाच आपला देव आहे काय, हा प्रश्न त्या निमित्ताने आपणही आपल्या मनाला विचारून पाहावा.