बदली पाळकांची, आवराआवर बाईंची

मागच्या महिन्यातली गोष्ट. मुलुंडला आमच्या वस्तीतल्या शिवणवर्गात दुपारी गेले, तर पाळकबाई कोपऱ्यात बसून वहीत काहीतरी लिहीत होत्या. एकेका मुलीचं नाव आणि पुढे तिला काय येतं ते. परकर, ब्लाउज, नुसतं काज-बटण... मी हसून म्हटलं, "अहो, परीक्षा घेताय की काय?" मान वर न करताच त्या म्हणाल्या, "ताई, आमची बदली झाली. माझ्यामागे वर्ग बघणारीला कळायला नको?"

मला काही सुचेचना. आठ वर्षं आम्ही दोघींनी मिळून हा वर्ग चालवला. दोन जुन्या मशीनवर सुरुवात केली, आज सहा आहेत.

मैत्रिणींनो, बँकवाल्यांची बदली होते, तलाठ्याची होते, पण चर्चच्या पाळकांचीही होते हे मला बाईंची ओळख होईपर्यंत ठाऊक नव्हतं. देवळातले गुरव-पुजारी कसे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच असतात, तसंच इथेही असेल असं वाटायचं. पण यांच्याकडे काही वर्षांनी वरून पत्र येतं आणि एका मंडळीचा निरोप घेऊन दुसऱ्या गावच्या मंडळीत जावं लागतं. राहतं घरही चर्चचंच, म्हणजे तेही सोडायचं.

रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. दारातच खोकी. पाळकसाहेब पुस्तकं बांधत होते. एरवी मोजकं बोलणारा माणूस, त्या दिवशी आपणहून बोलत राहिला.

"नोकरी सोडताना टेबल आवरलं की झालं. आमच्याकडे तीन रजिस्टरं असतात. बाप्तिस्म्याचं, लग्नाचं आणि मृत्यूचं. ती नव्या पाळकांच्या हाती द्यायची. आज चाळत बसलो होतो. ज्या पोरांचा बाप्तिस्मा केला, ती आता शाळेत जातात. ज्यांचं लग्न लावलं, त्यातल्या एकाला पुढच्याच वर्षी माती दिली."

"पण अधूनमधून याल की भेटायला!" मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "भेटायला येईन. पण लग्नाला, मयताला कुणी बोलावलं तर आधी नव्या पाळकांना विचारीन. नाहीतर लोक माझ्याचभोवती जमणार, आणि त्या बिचाऱ्यांना इथे जागा कशी मिळणार?" थोडं थांबून म्हणाले, "एका घरी सात वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. कमिटीत वाद झाला होता, चूक थोडी माझीही होती. काल गेलो. फार बोलले नाहीत. पण चहा दिला."

तेवढ्यात आतून बाई आल्या. हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं 'स्मृतिचित्रे'. म्हणाल्या, "निघायची वेळ आली की यांना टिळक आठवतात. मला लक्ष्मीबाई आठवतात!"

रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याला पाठ्यपुस्तकातले कवी म्हणून माहीत. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या, मग परत आल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नगर, राहुरी असा त्यांचा संसार चालला. टिळक मिशनच्या कामात होते, पगार होता. आणि १९१७ साली, पंचावन्नी उलटल्यावर, टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडून दिला! परदेशी मिशनच्या पैशावर विसंबून न राहता, भजन-कीर्तनातून, आपल्या मातीतल्या रीतीने ख्रिस्ताची भक्ती व्हावी ही त्यांची तळमळ. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्यांना कुणी बदलीचं पत्र पाठवलं नव्हतं, ते स्वतःच निघाले.

विचार किती मोठा, पण खरं सांगू? माझ्या घरात कुणी असं येऊन सांगितलं असतं तर मी आधी किराणा-दुधाचा हिशेब पुढे केला असता. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. हाती येईल ते दुसऱ्याला देऊन टाकणारा नवरा, आणि त्यात चूल पेटती ठेवणाऱ्या त्या. दोन वर्षंही झाली नाहीत, ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. दरबार तिथेच अर्धा राहिला. टिळकांचं 'ख्रिस्तायन'ही अपुरं होतं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या, जोडाक्षरांशी झगडणाऱ्या या बाईंनी! 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी छापून आली आणि १९३६ ला त्या गेल्या.

"त्यांनी सगळं हसत हसत लिहिलंय," पाळकबाई म्हणाल्या, "पण सामान बांधताना हसत नसतील हो."

मग हळूच कळलं, की लेकीचं दहावीचं वर्ष आहे. ती परीक्षेपर्यंत घाटकोपरला मावशीकडे राहणार. बदलीचं पत्र साहेबांच्या नावाचं, बाईंना कुणी काही विचारलेलं नाही. त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती, म्हणजे निदान माझ्यापुढे तरी नव्हती. पाळकसाहेब मात्र सुतळीची गाठ मारता मारता थांबले. "हिला मी विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले. बाई काही न बोलता खोक्यावर चिकटपट्टी लावत राहिल्या.

निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. त्यात बाईंच्या शिवणवर्गाचा उल्लेख एका वाक्यात आटोपला. मला राहवलं नाही, मी उठून माइक मागितला आणि वहीतली सगळी नावं वाचून दाखवली. एकोणचाळीस. मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या मुली एकेक करून उभ्या राहिल्या.

शनिवारी पहाटे टेम्पो गेला. मंगळवारी वर्ग उघडला, तर खिळ्याला बाईंची मोजपट्टी तशीच लटकत होती. विसरल्या म्हणून फोन केला.

"विसरले नाही, ठेवलीय," त्या म्हणाल्या. "आणि ताई, त्या नवीन मुलीकडे लक्ष ठेवा. गळ्याची पट्टी ती हमखास उलटी लावते."

जाऊन पाहिलं. उलटीच लावली होती.